पेट्रोलची जुनी गाडी बॅटरीवर आणायची असेल तर : बेळगावकडच्या माणसासाठी पायरीपायरीनं

आमच्या घरी दोन गाड्या बॅटरीवर आल्या. पहिली वडिलांची मारुती ८००. तिचं इंजिन मी दिवाळीच्या सुट्टीत उतरवलं, कागदांचं नंतर बघू म्हणून. ती गाडी आज छान पळते, पण शेताच्या बांधापर्यंतच. रस्त्यावर आणायची सोय नाही. दुसरी मेव्हण्याची छोटी हॅचबॅक. ती आम्ही उलट्या क्रमानं केली, आधी कागद आणि मग पाना. ती रोज खानापूर रोडवरून कामाला जाते. दोन्ही गाड्यांना हात माझेच लागले, फरक पडला तो क्रमाचा. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमानं लिहिल्यात त्याच क्रमानं करा.

१. बॉनेट उघडायच्या आधी आरसी उघडा

गाडी कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या वडिलांच्या, आजोबांच्या किंवा गावच्या काकांच्या नावावर असतात. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. विकत घेऊन तशीच चालवत असाल तर फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तर आधी तो उतरवा. हप्ते फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा कागदावर तसाच असतो, आपोआप जात नाही.

सीमाभागातली खास अडचण नंबराची. चंदगडच्या मामाची एमएच-०९ गाडी बेळगावात चार वर्षं उभी, असं घराघरांत असतं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे कोल्हापूरहून ना-हरकत, इथे फॉर्म २७ आणि इथला कर. हे सगळं पेट्रोल गाडी असतानाच उरकून घ्या. इंजिन उतरवलेली गाडी तपासणीला ढकलत न्यावी लागते, हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरी अडचण स्पेलिंगची. आपलं नाव शाळेत मराठीतून गेलं, रेशनकार्डावर कन्नडमधून आलं आणि आधारवर इंग्रजीत भलतंच उतरलं. मेव्हण्याच्या आरसीवर आणि आधारवर आडनावात एका अक्षराचा फरक होता. तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले.

गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पुढं दर ५ वर्षांनी. तेही आधीच.

२. घरी काय चालतं आणि काय चालत नाही

ही पायरी वाचून हिरमोड होईल, पण ती गाळू नका.

२०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पेट्रोल-डिझेल गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायची वाट खुली झाली. पण किट मान्यताप्राप्त हवं. त्यासाठीचं मानक एआयएस-१२३, भाग ३. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारखी संस्था किट तपासते आणि प्रमाणपत्र देते. ते किट कुठल्या गाड्यांसाठी आहे तेही त्यातच लिहिलेलं असतं. बसवणारा किट कंपनीनं नेमलेला असावा लागतो. उद्यमबागेतून (बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीतून) मोटर आणली, कुठून तरी बॅटरी जुळवली, गाडी झकास पळाली, तरी असल्या जुगाडाची आरसीवर नोंद होत नाही.

नोंद न करता रस्त्यावर काढली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ए आहे. मालकानं नियमाबाहेरचा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरून मोकळं होता येईल असं कुणी म्हणेल. त्याला विम्याचं विचारा. धडक झाली आणि समोरच्याला लागलं तर कंपनी आधी बघणार ते हेच, की आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली मोटर.

म्हणून दोनच सरळ वाटा. शिकायची हौस असेल तर स्वतः बनवा आणि आपल्या शेतात, आवारात चालवा. रस्त्यावर चालवायची असेल तर मान्यताप्राप्त किट नेमलेल्या माणसाकडून बसवून घ्या. तरी दुसऱ्या वाटेवरसुद्धा घरी करायचं काम भरपूर उरतं : गाडी निवडणं, गंज काढणं, ब्रेक-सस्पेन्शन नवं करणं, घरचं वायरिंग. आणि आतलं काम कळत असलं की बसवणारा काय करतोय तेही कळतं.

किटवाल्याकडे पहिल्याच फोनला प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का आणि मुदत उरली आहे का ते बघा. आमच्याशी बोललेल्या एकानं ‘सर्टिफिकेट प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं. आम्ही फोन ठेवला.

३. हिशेब, चहा पिता पिता

छोट्या गाडीला मान्यताप्राप्त किट बसवून चार ते सहा लाख धरा. पेट्रोलवर १५ चा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला साधारण सात रुपये खाते. बॅटरीवर तीच गाडी ०.१२ युनिटच्या आसपास घेते, म्हणजे रुपयाच्या आत. वाचतात सहा रुपये. पाच लाख भागिले सहा, साधारण ८३,००० किलोमीटर. रोज ३० किलोमीटर चालवणाऱ्याला पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतात.

म्हणजे पैशासाठी करणार असाल तर रोजची फेरी मोठी हवी. निपाणी ते बेळगाव रोज ये-जा करणाऱ्याचं गणित चांगलं जमतं, पण त्याला रेंज पुरत नाही. गोव्याला गेलो की तिथल्या स्वस्त पेट्रोलनं टाकी भरून आणायची ज्यांची सवय आहे, त्यांचं गणित आणखी पातळ होतं. मेव्हण्यानं केलं कारण गाडीचा सांगाडा ठणठणीत होता आणि इंजिन मात्र तेल पीत होतं.

४. गाडी कुठली

हलकी. एवढंच. मारुती ८०० साडेसहाशे किलोची, म्हणून तर सगळे हौशी तिच्यापासून सुरुवात करतात. पॉवर स्टिअरिंग नसलेली असेल तर एक भानगड कमी. फ्लोअर, दारांचे खालचे कडे, सस्पेन्शनच्या बैठका यांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वाढलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी असू शकते.

५. मोटर आणि गिअरबॉक्स : उद्यमबागेचा फायदा

(इथून सातव्या पायरीपर्यंत मुख्यतः स्वतः बनवणाऱ्यांसाठी. किट घेणाऱ्यांनी वाचलं तर बसवणाऱ्याला चार प्रश्न नीट विचारता येतील.)

गिअरबॉक्स ठेवायचा, इंजिन काढायचं आणि त्या जागी मोटर बसवायची. मध्ये दोन वस्तू लागतात : गिअरबॉक्सच्या तोंडाला बसणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट आणि दोन शाफ्ट जोडणारा कपलर. देशात बाकीच्या हौशी लोकांचं घोडं इथेच अडतं. आपल्याकडे फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिकवर गाव उभं आहे. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेत शिरलात की हे काम करणारा टर्नर गल्लोगल्ली मिळेल.

पण त्याला नुसतं ‘एवढं जोडून दे’ म्हणू नका. गिअरबॉक्स उचलून त्याच्याकडेच न्या. मी पुठ्ठ्यावर भोकं उमटवून नेली होती. प्लेट बसली, पण शाफ्टचं केंद्र केसभर सरकलेलं. तिसऱ्या गिअरला गाडी अशी घोंघावायची की शेजारच्या काकू विचारायच्या, ‘काय रे, घरात गिरणी घातलास काय?’ प्लेट परत केली, डायल गेज लावून मध्य धरला, तेव्हा आवाज गेला. टर्नरला सांगा, पाच शतांश मिलिमीटरच्या आत पाहिजे. तो हसणार नाही, रोज तेच करतो.

आणखी एक. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या पोटातल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. फ्लायव्हील गेलं की तो टेकूही गेला. कपलरमध्ये तेवढी बुश करून घ्या, नाहीतर शाफ्ट लोंबकळून गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो.

क्लच ठेवायचा की काढायचा यावर वाद आहे. मी ठेवला. बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच चालते, पण चढाला गिअर बदलताना क्लच असलेला बरा.

६. बॅटरी

निम्मा पैसा आणि सगळा धोका इथेच आहे.

माझ्या ८०० ला एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे २४ सेल, प्रत्येकी २०० अँपिअर-तास, एकामागे एक जोडलेले. एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ७६.८. पूर्ण भरल्यावर ८७.६. साठा सुमारे १५ युनिट. कधीही तळ गाठू नये म्हणून वापरायचे १२. सपाटीला त्यात १०० ते ११० किलोमीटर होतात. सपाटीला ताशी ४० ला मीटरवर ४० अँपिअर दिसतात, चढ लागला की तोच काटा १५० कडे जातो. म्हणून वंटमुरी घाट किंवा चोर्ला रोजच्या वाटेवर असेल तर कंपनीनं सांगितलेल्या रेंजमधून तिसरा हिस्सा मनातल्या मनात वजा करा.

एलएफपीच का? वजनाला जरा जास्त, पण तापल्यावर इतर लिथियम सेलांच्या मानानं शांत असते आणि जास्त वेळा भरता येते.

सेल विकत घेताना मी फसलो. ‘नवे, ए-ग्रेड’ म्हणून आलेल्या २४ पैकी ६ सेल वापरलेले निघाले. वरचं निळं कव्हर नवं चढवलेलं, टर्मिनलवर पॉलिश मारलेलं. कळलं ते एकेक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरून २.५ पर्यंत उतरवून मोजला तेव्हा. २०० च्या जागी १४० भरले. सहाच खराब म्हणून चालवून घेता येत नाही, कारण साखळीतला सगळ्यात दुबळा सेल संपला की अख्खी गाडी थांबते. पैसे अर्धेच परत मिळाले. तुम्ही पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, प्रत्येक सेलवरचा कोड खरवडलेला नाही ना बघा, आणि सगळे सेल मोजून होईपर्यंत ते ठेवायची पेटी वेल्ड करू नका.

जोडताना हे पाळा :

आधी सगळे सेल समांतर जोडून एकाच व्होल्टेजला आणा, मग एकामागे एक लावा. नाहीतर बीएमएस (सेलांवर नजर ठेवून त्यांना सारखं राखणारं सर्किट) जन्मभर त्यांचं भांडण सोडवत बसतो.

अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा. पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, दोन टर्मिनलच्या मध्ये उघडा पाना पडला तर तो तिथेच चिकटून लाल होतो. ६० व्होल्टच्या वरचा डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, अंगाला लागला तर जिवाशी गाठ आहे, आणि आपली पेटी त्याच्या वर आहे. शेजारी माणूस असल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (चावी फिरवली की मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) डीसीचेच घ्या. घरचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही. एसीच्या एमसीबीमध्ये डीसीची ठिणगी पेटली की ती पेटतच राहते. इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारेसुद्धा ‘काय होत नाही की, चालतंय’ म्हणून एसीचा माल हातात देतात. घेऊ नका.

मोटरला करंट मोजून देणाऱ्या कंट्रोलरच्या आधी प्रीचार्ज रेझिस्टर लावा, म्हणजे सुरुवातीचा करंट हळूहळू जातो. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना थेट कॉन्टॅक्टर ओढला तर त्याचे तोंड वेल्ड होतं, आणि मग चावी काढली तरी गाडी बंद होत नाही.

मोठ्या केबलच्या थिंबल (टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) पक्कडीनं दाबू नका. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्यानं आणा. ढिली थिंबल तापते, तापली की आणखी ढिली होते.

पेटी अर्धी पुढं बॉनेटखाली, अर्धी मागं टाकीच्या जागी अशी विभागली तर गाडीचा तोल राहतो. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी असं सगळं काढून मी काट्यावर टाकलं तेव्हा सव्वाशे किलोच्या आसपास भरलं. मोटर, पेटी आणि बॅटरी मिळून त्याच्या फार पुढं जाता कामा नये. माणसं बसतात तिथे उघडी बॅटरी अजिबात नको. आणि पेटीत पाणी शिरणार नाही असं बघा. आपल्याकडे जुलैत रस्ता कुठला आणि ओढा कुठला ते कळत नाही.

७. इंजिनाबरोबर गुपचूप गेलेल्या गोष्टी

इंजिन काढलं की तीन नोकरही जातात.

ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. तो गेला की पेडल दगडासारखं होतं. बूस्टर असलेल्या गाडीला बॅटरीवर चालणारा व्हॅक्यूम पंप आणि छोटी टाकी लागते. पहिल्या फेरीआधी दहा वेळा ब्रेक दाबून बघा.

हेडलाइट, वायपर, हॉर्न यांना १२ व्होल्ट द्यायला अल्टरनेटर उरत नाही. त्यासाठी डीसी-डीसी कन्व्हर्टर, २५-३० अँपिअरचा. जुनी १२ व्होल्टची बॅटरी काढू नका. मोठी पेटी बंद पडली तरी दिवे लागले पाहिजेत.

एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर होता, तो गेला. ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणतात आपल्या गावाला, एसी कशाला, असं म्हणून मी तो टाळला. पहिल्या पावसात काच आतून धुक्यानं भरली आणि एका हातात फडकं घेऊन चालवायची वेळ आली. एसी नको असेल तर निदान काचेवर गरम हवा सोडणारा हीटर बसवा.

८. घरचं वायरिंग, हेस्कॉम आणि गृहज्योती

चार्जरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, मीटरपासून थेट ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग नवं करा. जुन्या कौलारू घरात अर्थिंगची तार बऱ्याचदा नुसती भिंतीत गेलेली असते, जमिनीत नाही. पुढे कुठेच पोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नको, तो अर्ध्या रात्री वितळतो.

मंजूर लोड बिलावर बघा. एक-दोन किलोवॅटच असेल तर हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडे, वाढवून घ्या.

आता कर्नाटकातली खास गोष्ट, जी कोल्हापूरचा किटवाला तुम्हाला सांगणार नाही. गृहज्योती या सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत वीज फुकट मिळते ती तुमच्या ठरलेल्या सरासरी वापरापर्यंत. त्याच्या वरच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की सगळंच बिल अंगावर येतं. मेव्हण्याच्या घरचा वापर ९० युनिटचा. गाडी महिन्याला जवळपास ९५ घेते. बेरीज १८५. मार्च-एप्रिलमध्ये पंखे आणि पाहुणे वाढले की २०० ओलांडतात. म्हणून त्या दोन महिन्यांत तो आठवड्यातून दोनदा कामाच्या ठिकाणी विचारून गाडी लावतो. हे गणित किट घेण्याआधी करा, आमचं नंतर झालं.

९. आरटीओ, विमा, पाटी

किट बसल्यावर परिवहनच्या वेबसाइटवर वाहनातल्या बदलाचा अर्ज भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची. बदल केल्याचं १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं, म्हणून बसवणाऱ्याकडून कागद हातात पडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. फॉर्म इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये आणि रांगेतली बोलणी तिन्ही भाषांत. कन्नड वाचता येणारं कुणी बरोबर असलं तर खेपा वाचतात.

एका फाइलमध्ये हे न्या, प्रत्येकाच्या दोन प्रती :

- आरसी, चालू विमा, आधार आणि पत्त्याचा पुरावा
- किटच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत
- बसवणाऱ्याचं नेमणूकपत्र आणि किट बसवल्याचा दाखला
- मोटर आणि बॅटरीचे क्रमांक छापलेलं पक्कं बिल
- चॅसी नंबरचा पेन्सिलचा ठसा
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र

बिलावरचा मोटर नंबर आणि मोटरवर कोरलेला नंबर घरीच टॉर्च मारून ताडून बघा. आमच्या बिलात एक आकडा उलटा पडला होता.

आरसीवर इंधनाच्या जागी इलेक्ट्रिक आलं की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. मग पाटी : खाजगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं. जुन्या गाडीला एचएसआरपी (सक्तीची सुरक्षा नंबरपाटी) लावायची राहिली असेल आणि रूपांतर महिन्या-दोन महिन्यांत होणार असेल, तर आधी पांढरी पाटी मागवून पैसे दोनदा घालवू नका. पीयूसीची कटकट मात्र सुटते.

१०. जुनं इंजिन

आरसी हातात येईपर्यंत भंगारात देऊ नका. अर्ज फेटाळला गेला तर परत पेट्रोलवर येण्याची वाट तेवढीच असते. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडा, तोंडं चिंध्यांनी बंद करा आणि पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. मेव्हण्याचं इंजिन आरसी आल्यावर विकलं गेलं. माझ्या ८०० चं अजून जिन्याखाली आहे, कारण तिची आरसी अजून पेट्रोलचीच आहे.